हलका पण माप धरणारा पफ: कप टेस्टपासून साच्यापर्यंत कुठे कुठे चुकतं

गेल्या काही महिन्यांत मला एकाच गोष्टीचे फोटो वेगवेगळ्या लोकांनी पाठवले. पफचं झाकण नाहीतर पॅनेल, ओतलं तेव्हा एकदम सरळ, वजन हवं तेवढंच, आणि आठ-दहा दिवसांनी मधोमध पोट आत गेलेलं. प्रश्न पण सगळ्यांचा एकच, सिलिकॉन (फोममधले बुडबुडे एकसारखे धरून ठेवणारं केमिकल) वाढवू का? सिलिकॉनने हे सुटत नाही. आणि घनता वाढवून सुटलं तरी तो तोडगा नाही, कारण मग हलकेपणा गेला, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला होता तोच गेला.

मी इथे फक्त हाताने मिक्स करून साच्यात ओतायच्या कडक पॉलियुरेथेन फोमबद्दल लिहितोय, ज्याला आपल्याकडे सगळे पफ म्हणतात. बर्फाची पेटी, कोल्ड रूमचं पॅनेल, टेम्पोच्या बॉडीतलं इन्सुलेशन, असली कामं. गादीचा फोम वेगळा आणि स्प्रेचा पण वेगळा, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फोम तयार होतो तेव्हा आत शंभर अंशाच्या वर तापलेला असतो आणि सेलमध्ये, म्हणजे आतल्या बारीक बंद बुडबुड्यांमध्ये, गॅस भरलेला असतो. थंड झाला की गॅसचा दाब उतरतो. त्यात तो गॅस कार्बन डायऑक्साइड असेल तर सेलच्या भिंतीतून भराभर बाहेर जातो, आणि बाहेरची हवा मात्र तितक्या वेगाने आत येत नाही. म्हणजे काही दिवस आत दाब कमी आणि बाहेरून वातावरण दाबतंय, चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजे १०० किलोपास्कल. भिंती तेवढं पेलू शकल्या तर फोम माप धरतो, नाही पेलल्या तर आक्रसतो. सेल गोल पण नसतात, फुगण्याच्या दिशेने अंड्यासारखे लांबट असतात, त्यामुळे फोम उभ्या दिशेत ताकदवान आणि आडव्या दिशेत कमजोर असतो. आक्रसतो तो आडवाच. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

## १. आधी कागदावर ठरवा

किती घनता पाहिजे, कुठल्या तापमानात वापरणार, आणि माप किती टक्के हललं तर चालेल, हे तीन आकडे लिहिल्याशिवाय केमिकलचा डबा उघडू नका. "शक्य तितका हलका" हे टार्गेट नाही. कोल्ड रूमच्या पॅनेलला साधारण ४० किलो प्रति घनमीटर मागतात, बर्फाच्या पेटीला पण त्याच आसपास धरतात. हाताने मिक्स करून ३० च्या खाली जाऊन माप धरणारा फोम मिळवायचा असेल तर वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागेल, नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तापमान लिहिताना दोन्ही टोकं लिहा. पेटी आतून उणे वीस असेल पण बाहेरून मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोवर पडलेली असेल, तिथला पत्रा ७० अंशाला सहज जातो.

## २. जागा, केमिकल आणि अंगाची तयारी

दोन मुख्य केमिकल, आयसो आणि पॉलिऑल, यांच्या रिअॅक्शनने फोम बनतो. आयसो म्हणजे पॉलिमेरिक एमडीआय. पॉलिऑल म्हणजे साखर, सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीनवर बनवलेला पॉलिइथर, ज्याचा हायड्रॉक्सिल नंबर (आयसोशी जुळणारे गट किती आहेत ते सांगणारा आकडा, सप्लायर देतो) ३५० ते ५०० च्या दरम्यान असतो. सोबत सिलिकॉन, अमाइन कॅटॅलिस्ट (रिअॅक्शनचा वेग वाढवणारा), पाणी (आयसोशी रिअॅक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड देतं), आणि असेल तर फिजिकल ब्लोइंग एजंट (रिअॅक्शन न होता उष्णतेने उकळून गॅस होणारा द्रव).

दोन्ही बाजूचं केमिकल २० ते २५ अंशावर आणा, थर्मामीटर बुडवून बघा, ड्रमला हात लावून अंदाज घेऊ नका. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी शेडमध्ये तापमान दहाच्या आसपास असतं, तेव्हा आयसो इतका जाड झालेला असतो की आठ सेकंदात तो पॉलिऑलमध्ये नीट मिसळतच नाही, फोममध्ये तपकिरी रेषा येतात आणि माणूस दोष रेसिपीला देतो. त्याच रेसिपीचा ट्रायल दुपारी चांगला निघतो आणि मग गोंधळ अजून वाढतो.

पावसाळ्यात उलटा त्रास. पॉलिऑल हवेतलं पाणी ओढतो. जून ते सप्टेंबर ड्रमचं झाकण अर्धा दिवस उघडं राहिलं तर तुम्ही मोजून घातलेल्या पाण्याशिवाय अजून पाणी आत गेलेलं असतं. १०० ग्रॅम पॉलिऑलमध्ये तुम्ही ३ ग्रॅम पाणी घालता, त्यात अर्धा ग्रॅम न मोजलेलं शिरलं तर गॅस जवळपास १७ टक्क्यांनी वाढला! घनता खाली येते, माणूस खुश होतो, आणि पंधरवड्याने झाकण वाकतं. कार्ल फिशरने ओलावा मोजायची सोय असेल तर प्रत्येक ड्रम मोजा. नसेल तर निदान सप्लायरच्या सर्टिफिकेटवरचा ओलाव्याचा आकडा बघा, ड्रमच्या तोंडाला सिलिका जेलचा ब्रीदर लावा, आणि लागेल तेवढंच छोट्या कॅनमध्ये काढून घ्या.

थांबा: आयसोच्या वाफेने किंवा कपड्यावर पडलेल्या थेंबाने एकदा का शरीर बिथरलं, की पुढे आयुष्यभर अगदी किंचित मात्रेनेही दमा उठू शकतो. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही. नायट्रिल हातमोजे, गॉगल, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि खेळती हवा, एवढं पाहिजेच. आयसो सांडला तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, गोळा करा, आणि पाणी, ५ ते १० टक्के धुण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड सोप यांच्या मिश्रणात टाकून डबा उघडा ठेवा. झाकण घट्ट लावलंत तर आत गॅस बनून डबा फुटतो. ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर त्यालाही हेच लागू, बूच आवळू नका.

## ३. आयसोचा हिशोब, दर वेळी नव्याने

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. "आपला रेशो एकास एक आहे" म्हणतात, पाणी दोनवरून तीनवर नेतात, आणि आयसो तेवढाच ठेवतात. पाणी पण आयसो खातं, आणि भरपूर खातं. मग इंडेक्स (हिशोबाने लागणाऱ्या आयसोच्या किती टक्के घातला तो आकडा) खाली जातो, जाळं (पॉलिमरची आतली बांधणी) अर्धवट बांधलं जातं, भिंती मऊ राहतात. एकाच फटक्यात तुम्ही गॅस वाढवला आणि भिंत कमजोर केली.

हिशोब असा. पॉलिऑलचं इक्विव्हॅलंट वजन (एका रिअॅक्शन गटामागे येणारं वजन) म्हणजे ५६१०० भागिले हायड्रॉक्सिल नंबर. पाण्याचं ९. आयसोचं ४२०० भागिले एनसीओ टक्के (आयसोमधल्या रिअॅक्शन करणाऱ्या गटाचं प्रमाण, सर्टिफिकेटवर असतं), ३१ टक्के असेल तर १३५.५.

उदाहरण घेऊ. पॉलिऑल १०० ग्रॅम, नंबर ४२०, म्हणजे १०० गुणिले ४२० भागिले ५६१००, ०.७४९. पाणी ३ ग्रॅम, ३ भागिले ९, ०.३३३. बेरीज १.०८२. इंडेक्स ११० ठेवायचा म्हणून १.१ ने गुणा, १.१९०. त्याला १३५.५ ने गुणलं की आयसो १६१ ग्रॅम. बघा, पाणी वजनाने फक्त ३ ग्रॅम आहे पण आयसोचा जवळपास एक तृतीयांश तेच घेऊन जातंय.

इंडेक्स १०५ ते ११५ मध्ये ठेवा. शंभरच्या खाली फोम हाताला थोडा रबरासारखा लागतो, लोकांना तो "चिवट, चांगला" वाटतो, पण आक्रसतो तोच.

तपासा: कॅटॅलिस्ट किंवा सिलिकॉन ज्या ग्लायकॉलमध्ये विरघळवून येतात त्यालाही हायड्रॉक्सिल नंबर असतो. मात्रा मोठी असेल तर तोही बेरजेत धरा.

## ४. कप टेस्ट

पॉलिऑल, सिलिकॉन (१ ते २ ग्रॅम), कॅटॅलिस्ट आणि पाणी हे आधी एकत्र करून घ्या, निदान दोन मिनिटं फिरवा आणि बुडबुडे बसेपर्यंत थांबा. आयसो शेवटी. आयसो वेगळ्या कपातून ओतत असाल तर रिकाम्या कपाला १०-१२ ग्रॅम चिकटून राहतो, १६१ मधून तेवढा गेला तर इंडेक्स थेट ११० वरून १०२-१०३ वर आला. म्हणून एकतर मिक्सिंगचा कप वजनकाट्यावर ठेवून त्यातच आयसो ओता, नाहीतर आयसोचा कप आधी एकदा आयसोनेच माखून घ्या, उलटा करा, काटा शून्य करा आणि मग भरा. हे छोटं वाटतं पण माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी इथेच सुटल्यात.

ड्रिलला चकतीवालं पातं लावून २००० ते ३००० आरपीएमला ६ ते ८ सेकंद फिरवा. आयसो पडल्या क्षणी स्टॉपवॉच चालू. चार गोष्टींची वेळ लिहायची:

क्रीम टाइम, म्हणजे रंग फिका होऊन मिश्रण वर सरकायला लागतं तो क्षण. तार सुटण्याची वेळ, काडी टोचून बाहेर काढली की मधासारखी तार येते ती. फुगणं थांबल्याची वेळ. आणि वरचा पापुद्रा बोटाला चिकटायचा थांबतो ती.

हाताने काम करताना क्रीम टाइम २० सेकंदांच्या खाली नको, ओतायलाच वेळ मिळत नाही. पण माप टिकण्याच्या दृष्टीने खरं बघायचं ते तार आणि फुगणं यांचं नातं. तार फार आधी सुटली तर जाळं आवळतं आणि फोम शेवटचा भाग जोर लावून वर चढतो, सेल लांबट होतात आणि आडवी ताकद अजून घटते. तार फार उशिरा सुटली तर फोम पूर्ण चढून मग थोडा खाली बसतो. फुगणं थांबायच्या जरासं आधी तार सुटली पाहिजे. डायमिथिल सायक्लोहेक्झिल अमाइनसारखा कॅटॅलिस्ट मुख्यतः जेलचं काम बघतो, पेंटामिथिल डायइथिलीन ट्रायअमाइन पाण्याच्या रिअॅक्शनला धक्का देतो, या दोघांचं प्रमाण हलवून हे जुळवा. दोन्ही एकदम वाढवून नुसता वेग वाढवू नका.

थांबा: आदल्या दिवसाचं पॉलिऑलचं मिश्रण (आयसो न घातलेलं) आज वापरणार असाल तर कप टेस्ट परत करा. फिजिकल ब्लोइंग एजंट उडून गेलेला असतो, डबा बंद दिसला तरी.

## ५. खोक्यातला ट्रायल आणि खरी घनता

कप जुळला की २० बाय २० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मोकळं फुगू द्या. वरच्या उदाहरणात एकूण माल २६० ग्रॅमच्या वर आहे. ३ ग्रॅम पाण्यातून ०.१६७ मोल गॅस निघतो, १३० अंशाला तो साधारण साडेपाच लिटर भरतो, म्हणजे घनता कागदावर ४५ ते ४७ च्या आसपास. तुमची ५५ आली तर गॅस निसटलाय किंवा मिक्सिंग कच्चं आहे. ३८ आली तर आनंदाने उड्या मारू नका, आधी ओलावा तपासा.

घनता २४ तासांनी मोजा. मधला भाग कापा, सालपट आणि तळाचे दोन सेंटिमीटर सोडून. १० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे ५०० घन सेंटिमीटर, त्याचं वजन २२.५ ग्रॅम आलं तर घनता ४५. काटा ०.०१ ग्रॅमचा पाहिजे आणि माप व्हर्नियरने, शाळेच्या पट्टीने नाही. कापायच्या आधी मार्करने प्रत्येक बाजूवर फुगण्याच्या दिशेचा बाण काढा. बाण नसलेला तुकडा पुढच्या सगळ्या टेस्टला निरुपयोगी आहे, कारण कमजोर दिशा कुठली ते नंतर कळत नाही.

मोठा गोळा करून बघायचा मोह आवरा. पाण्याने फुगवलेला पफ बादलीभर एकदम ओतला तर आतली उष्णता बाहेर जायला जागा नसते, मधला भाग तपकिरी होतो, करपतो, आणि आगीचाही धोका असतो. ट्रायल २००-४०० ग्रॅमचाच ठेवा आणि गरम असताना कापू नका.

## ६. गॅसची वाटणी

हलका करायचा म्हणजे पाणी वाढवायचं, ही सवय एका कारणाने पसरली. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे एचसीएफसी-१४१बी (आधी सर्रास वापरला जाणारा फिजिकल एजंट) बंद झाला, आणि छोट्या युनिटमध्ये बऱ्याच जणांनी त्याची जागा नुसत्या पाण्याने भरली. पाण्याचा फोम चुकीचा नाही, पण पाण्याने येतो तो सगळा गॅस कार्बन डायऑक्साइड, आणि तोच सगळ्यात लवकर पळतो. त्यात पाणी जास्त झालं की युरिया वाढतो, फोमची कातडी बोटाने भुगा होईल इतकी ठिसूळ बनते आणि पत्र्याला धरत नाही.

मी असं करतो. एकूण किती मोल गॅस लागणार ते घनतेवरून काढतो, आणि जमेल तर त्यातला निम्मा फिजिकल एजंटने देतो. उदाहरणार्थ पाणी १.८ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, आणि एचएफओ-१३३६एमझेडझेड (फिजिकल एजंट, त्याचा झेड प्रकार) १६.४ ग्रॅम म्हणजे अजून ०.१ मोल. आयसो परत काढायचा, तो १४१ ग्रॅमवर येतो. हा एचएफओ ३३ अंशाला उकळतो त्यामुळे हाताने घालता येतो, आणि सेलमधून फार हळू बाहेर पडतो. महाग आहे, हे खरं. इन्सुलेशन पण चांगलं मिळतं, तो फायदा धरून हिशोब करा.

थांबा: सायक्लोपेंटेन स्वस्त आहे म्हणून साध्या शेडमध्ये आणू नका. तो पेट्रोलसारखा पेटतो, वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि साध्या ड्रिलची ठिणगी त्याला पुरते. त्याला स्फोटरोधक मोटर, गॅस डिटेक्टर आणि अर्थिंग असलेली जागाच लागते.

एक मर्यादा सांगून ठेवतो. ज्यांचा उत्कलनबिंदू जास्त आहे ते एजंट खूप थंडीत सेलच्या आत परत द्रव होतात आणि दाब एकदम पडतो. उणे पंचवीसला वापरायच्या मालात म्हणूनच सगळा गॅस फिजिकल ठेवायचा नाही, थोडं पाणी असू द्यायचं.

## ७. साचा: आधी जेमतेम, मग जास्त

साच्याचं तापमान ४० ते ४५ अंश. थंड पत्र्यावर फोम मरतो, तिथे जाड दाट कातडी बनते, माल तिकडे अडकतो आणि मधली घनता पडते. पत्रे ओतण्याआधी कोरड्या कापडाने पुसा, पावसाळ्यात त्यावर नजरेला न दिसणारं पाणी असतं. लाकडी साचा असेल तर आदल्या रात्री गरम खोलीत ठेवा.

आता मोकळी घनता आणि साच्यातली घनता एक नसते, साच्यात नेहमी जास्त लागते. ५० बाय ३० बाय ५ सेंटिमीटरचा साचा म्हणजे साडेसात लिटर. चार्ज (ओतायचा माल) थोडा थोडा वाढवत न्या, ज्या वजनाला सगळे कोपरे जेमतेम भरतात ते लिहा. समजा २६३ ग्रॅमला भरला, म्हणजे ३५ किलो प्रति घनमीटर. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, ३५ मध्ये पॅनेल बसलं! नाही बसलं. जेमतेम भरलेल्या फोममध्ये शेवटी भरलेल्या कोपऱ्याजवळ सेल ताणलेले असतात, आणि पहिला तोच भाग आत ओढला जातो.

त्यावर १० ते २० टक्के जास्त भरा, याला ओव्हरपॅक म्हणतात. १५ टक्के धरले तर ३०२ ग्रॅम, घनता ४०. जास्त माल भरला की फोम साच्याच्या छताला टेकून दाबला जातो, लांबट सेल जरा गोलावतात आणि आडवी ताकद वाढते. नुसत्या घनतेने मिळते त्यापेक्षा जास्त फरक पडतो. पण क्लॅम्प पण तेवढे मजबूत पाहिजेत, साचा उघडला तर माणसाला लागू शकतं. हवा निघायला शेवटी भरणाऱ्या टोकाला बारीक भोकं ठेवा.

ओतल्यावर रिकामा कप परत काट्यावर ठेवा. साच्यात खरं किती गेलं ते तेव्हाच कळतं.

## ८. साच्यातून काढणं

५ सेंटिमीटर जाडीला सुरुवातीला २० मिनिटं धरा, मग दोन-दोन मिनिटांनी कमी करत बघा. काढल्यावर लगेच मधली जाडी मोजा आणि एका तासाने परत. लवकर काढलेला फोम फुगतो, आक्रसत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषध उलट आहे. फुगणाऱ्याला साच्यात वेळ द्या किंवा ओव्हरपॅक कमी करा. आक्रसणाऱ्याला साच्यात कितीही वेळ ठेवून काही होत नाही, कारण त्याचा गॅस पुढचे दहा-पंधरा दिवस जातच राहणार.

## ९. माप टिकतंय का

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. मासळीच्या पेट्यांची झाकणं होती, नुसत्या पाण्याचा फोम, मोकळी घनता ३१. मी फोमची ताकद मोजली होती पण फक्त फुगण्याच्या दिशेने, दीडशे किलोपास्कलच्या वर आली, म्हटलं झालं काम. बारा दिवसांनी झाकणं परत आली. मधोमध पट्टी ठेवली तर खाली माझं नख आरामात जात होतं, साडेतीन मिलिमीटर खड्डा, आणि गॅस्केटपाशी दोरा शिरेल एवढी फट. त्याच फोमचा तुकडा आडवा दाबला तर ८० सुद्धा आले नाहीत. माल बदलून द्यावा लागला. तेव्हापासून आडवा तुकडा दाबल्याशिवाय मी कुठलीच रेसिपी पुढे सोडत नाही. आडवी ताकद १०० किलोपास्कलच्या वर असेल तर आतला गॅस पूर्ण गेला तरी भिंती वातावरण पेलतात, इतका साधा हिशोब आहे.

मापाची टेस्ट एएसटीएम डी २१२६ (उष्णता आणि ओलाव्यात कडक फोमचं माप किती बदलतं ते तपासायचं अमेरिकन मानक) च्या धर्तीवर करा. १०० बाय १०० बाय २५ मिलिमीटरचे तुकडे, प्रत्येक परिस्थितीला निदान तीन, साच्याच्या वेगवेगळ्या जागेवरून: ओतलं तिथला, मधला, आणि शेवटी भरला तो. लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी, जाडी पाच ठिकाणी, मोजायच्या जागा पेनाने खुणावून.

- उणे २५ किंवा उणे ३० अंश, २४ तास.
- ७० अंश आणि भरपूर ओलावा, ४८ तास. चेंबर नसेल तर स्टीलच्या डब्यात तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर तुकडे, झाकण सैल, आणि डबा ओव्हनमध्ये. तुकड्याला पाणी लागता कामा नये.
- ८० अंश कोरडी उष्णता, ४८ तास.
- आणि एक संच नुसता फळीवर, २८ दिवस, दर आठवड्याला माप.

शेवटचा संच सगळे वगळतात आणि पाण्याच्या फोमला खरा पकडतो तोच. घाई असली तरी तो चालू ठेवा, माल गेला तरी निदान आधी कळेल.

माझी स्वतःची रेघ अशी: थंडीत कुठल्याही दिशेत एक टक्क्याच्या आत, उष्ण-ओलसरमध्ये दोनच्या आत. तीन दिशांची सरासरी काढू नका. उभी अर्धा टक्का वाढली आणि आडवी तीन टक्के घटली तर सरासरी साळसूद दिसते आणि झाकण वाकडंच असतं.

तपासा: तुकडे बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला यायला एक-दोन तास द्या आणि मग मोजा, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ.

## १०. बिघडलं तर आधी काय हलवायचं

एका वेळी एकच गोष्ट. दोन हलवल्या तर सुधारलं तरी कशाने ते कळत नाही.

सगळ्यात आधी इंडेक्स आणि वजनं परत तपासा, निम्म्या वेळा तिथेच सापडतं. मग ओलावा. मग ओव्हरपॅक १० वरून १५ वर. तरी आडवं आक्रसत असेल तर पॉलिऑलचा काही भाग, २० ते ३० टक्के, जास्त फंक्शनॅलिटीच्या (प्रत्येक रेणूवर आयसोशी जुळणारे गट जास्त असलेल्या) साखर किंवा सॉर्बिटॉलवाल्याने बदला, जाळं घट्ट होतं. तो जाड असतो, मिक्सिंगला दोन सेकंद जास्त लागतील. त्यानंतर पाणी कमी करून फिजिकल एजंट. घनता वाढवणं हे शेवटी.

फक्त थंडीत आक्रसतोय आणि फळीवर ठीक आहे? एजंट द्रव होतोय, पाण्याचा वाटा थोडा वाढवा. फक्त उष्ण-ओलसरमध्ये फुगतोय? जाळं मऊ आहे, इंडेक्स वर न्या, क्युअरला वेळ द्या. फुगतानाच खाली बसतोय, मोठमोठे सेल दिसतायत? इथे मात्र सिलिकॉन किंवा जेल कॅटॅलिस्ट कमी आहे, किंवा साच्याचं रिलीज एजंट (फोम साच्याला चिकटू नये म्हणून फवारतात ते) फोममध्ये उतरतंय, ते आधी कमी फवारून बघा.

कोणी सांगेल की सेल उघडणारं केमिकल घाला, हवा आत-बाहेर जाईल, आक्रसायचा प्रश्नच नाही. ते बरोबर आहे, पॅकिंगच्या किंवा शोभेच्या मालाला मी पण वापरतो. पण बर्फाच्या पेटीत उघडे सेल म्हणजे स्पंज. पाणी पिणार, जड होणार, आणि इन्सुलेशन जाणार. तिथे हा मार्ग घेऊ नका.

## ११. वहीत काय लिहायचं

तारीख, शेडचं तापमान आणि आर्द्रता, दोन्ही केमिकलचं तापमान, ड्रमचा बॅच नंबर, खरी वजनं (ठरवलेली नाही, काट्यावर आलेली), चारही वेळा, साच्याचं तापमान, साच्यात गेलेलं वजन, काढण्याची वेळ. प्रत्येक साच्यातून एक तुकडा बाण आणि तारीख घालून फळीवर ठेवा आणि निदान सहा महिने फेकू नका. तक्रार आली की आधी त्या फळीवरचा तुकडा व्हर्नियरने मोजा, ग्राहकाकडे नंतर जा. तुकडा सरळ असेल तर बिघाड बसवण्यात आहे, आणि तुकडाही आत गेला असेल तर त्या ड्रमचा बाकीचा माल आजच बाजूला काढा.